लेन्सवर की जगात

सरांना जे ठिपके दिसत होते ते आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हते. त्या मे महिन्यात आमच्या स्टुडिओत जेवढी भांडणं झाली ती सगळी या ठिपक्यांवरून झाली, आणि त्यांच्यामागे सरांचा डोळा पणाला लागलेला आहे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरांच्याही नाही. अजूनही डोळ्यांच्या दवाखान्याची पाटी दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

सर म्हणजे आमचे कंपोझिटिंगचे प्रमुख. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांचा फोन येईल, आणि ते कौतुकबिवतुक काही करणार नाहीत. मधल्या एका परिच्छेदात उजेड चुकीच्या बाजूने आलाय, एवढंच सांगून फोन ठेवतील.

आमचं काम सांगायला सोपं आहे. वेगवेगळी चित्रं एकावर एक चढवायची आणि हे सगळं एकाच वेळी, एकाच जागी घडलं असं पाहणाऱ्याला वाटायला लावायचं. हिरो हैदराबादेत हिरव्या पडद्यासमोर उडी मारतो. तो ज्या जमिनीवर पडतो ती जमीन आणि पडल्यावर उठणारी धूळ आम्ही हुडकेश्वर रोडवर, टाइल्सच्या दुकानाच्या वर बसून तयार करायचो. त्यातली धूळ, धूर, राख, ठिणग्या हे सरांचं खातं. संगणकात कण सोडायचे, त्यांना वजन द्यायचं, वारा द्यायचा, कोणी किती वेळ जगायचं ते ठरवायचं, आणि ते खरे वाटेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही. बाकीचे लोक 'बरं दिसतंय' या पायरीला थांबतात. सर तिथून पुढे सुरू व्हायचे.

मी काटोलची. घरची संत्र्याची बाग आहे आणि माझं काम नेमकं काय आहे हे आईला आजतागायत कळलेलं नाही. त्यात तिची चूक नाही. मी रुजू झाले तेव्हा सरांनी मला संगणकाला हातच लावू दिला नाही. गच्चीवर नेलं, कठड्यावर एक जुनी कापसाची गादी टाकली आणि माझ्या हातात काठी दिली. म्हणाले, हाण. मी हाणली. मग त्यांनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो पुढे मी झोपेतही ऐकायची.

"वारा कुठून येऊन राहिला?"

मी म्हटलं, वाराच नाही सर. झाडाचं पान हलत नव्हतं. "मंग धूळ कायले तिकडं चालली वं?" त्यांनी विचारलं, आणि खरंच, धूळ सावकाश पाण्याच्या टाकीच्या बाजूला सरकत होती. मला वारा लागत नव्हता, धुळीला लागत होता. पुढचे काही दिवस मी गादीच झोडपली. संध्याकाळी आईचा फोन आला की ती म्हणायची, "नोकरी लागली म्हणते अन् गादी झाडून राहिली? घरी सांगतलं तं जागची हलत नव्हती." 

सरांच्या खिडकीत बरण्यांची एक रांग होती. पीठ, रांगोळी, चुना, चुलीची राख, कोळशाची पूड, हळद. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा तेव्हा ते एकेक चिमूट त्या पट्ट्यात सोडायचे आणि आम्हाला पाहायला लावायचे. पीठ कसं लाजत लाजत खाली येतं, रांगोळी कशी इकडेतिकडे न पाहता सरळ जाते, राख कशी जावं की नाही या विचारात अर्ध्यावर थांबते, हे सगळं त्यांचं वर्णन. एकदा मी एका सिनेमासाठी राख उडवली. दिसायला झकास झाली होती. सरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "हे तं रांगोळी आहे." मी चिडले. दोन्ही बरण्या घेऊन खिडकीशी गेले, दोन्ही चिमटी सोडून पाहिल्या आणि मुकाट्याने परत येऊन सगळे कण हलके केले.

नवशिक्याकडून हमखास होणारी एक चूक त्यांना फार लागायची. संगणक कण सोडायला सुरुवात करतो ती शॉटच्या पहिल्या चित्रापासून. त्यामुळे पहिल्या क्षणी हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि मग हळूहळू धूळ. खऱ्या जगात धूळ आधीपासून असते. म्हणून शॉट सुरू होण्याच्या बराच आधीपासून कण सोडून ठेवायचे असतात, कोणी पाहत नसताना. कोणी विसरलं की सर खुर्ची फिरवून विचारायचे, "काहून गा, तुया शॉटमधी दुनिया आत्ताच पैदा झाली काय?"

होळीला हा माणूस रंग खेळायचा नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून उभा राहायचा आणि कोणी गुलाल उधळला की त्याला पुन्हा उधळायला लावायचा, जरा खालून. लोकांनी त्यांना केव्हाच ओवाळून टाकलं होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा मला हसत म्हणाल्या होत्या की या माणसाशी लग्न करून मी पस्तावले असं नाही, पण लग्नाची कॅसेट मात्र धड पाहता आली नाही. सर पूर्वी लग्नाच्या कॅसेटी जोडून द्यायचे. नवरा-नवरी जवळ आले की वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, ही त्या काळातली फॅशन, आणि आमच्या भागात ती सरांनीच आणली. सगळ्या पाकळ्या एका वेगाने, एकाच अंगावर पडायच्या. पुढे सरांना त्याची इतकी लाज वाटायला लागली की कोणाच्या घरी जुनी कॅसेट लावली तर ते चप्पल घालून निघून जायचे. स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीतल्या पाकळ्या तर ते दर दिवाळीच्या सुट्टीत नव्याने करायला घ्यायचे. "पोरगी कॉलेजात गेली," काकू म्हणाल्या, "पाकळ्या अजून पडूनच राहिल्या."

पण सरांचा खरा मंत्र वेगळा होता. आधी लेन्स, मग जग.

सकाळी आल्यावर ते चष्मा पुसायचे. चष्मा म्हणजे काय, बाटलीचं बूडच. लहानपणापासून नंबर मोठा. मग मऊ फडक्याने मॉनिटर पुसायचे आणि मगच कामाला हात लावायचे. कारण चित्रात ठिपका दिसला तर तो चित्रातल्या जगात आहे, कॅमेऱ्याच्या काचेवर आहे, की आपल्याच मॉनिटरवर बसलेली माशीची घाण आहे, हे आधी ठरवावं लागतं. ओळखायची रीतही त्यांनी शिकवली होती. कॅमेरा फिरला की जगातली धूळ मागे राहते. काचेवरची धूळ कॅमेऱ्याबरोबर फिरते. जे तुमच्याबरोबर फिरतं ते जगात नसतं. ही रीत ते कुठेही लावायचे. मी एकदा रूमवरच्या मैत्रिणीची तक्रार घेऊन रडत बसले होते; सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे लेन्सवर आहे की जगात? आधीच्या रूमवरही असंच भांडण झालं होतं ना? मला त्यांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

असा हा माणूस. आणि आता तो मे महिना.

आमच्याकडे एका मोठ्या सिनेमाचा शॉट आला होता. कोळशाच्या खाणीत भिंत कोसळते, धुळीचा लोट उठतो, आणि त्या लोटातून एक म्हातारी बाई आपल्या मुलाला शोधत बाहेर येते. बाईचं चित्रण झालेलं होतं. लोट आमचा. हा शॉट पसंत पडला तर पुढचं सगळं खाणीचं काम आमच्याकडे येणार होतं. नाही पडला तर दुसरीकडे जाणार होतं, हे मालकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सरांनी लोट असा उभा केला की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नकळत तोंडावर ओढणी धरली. जड धूळ खाली लोळत होती, हलकी वर चढत होती, आणि मागून येणाऱ्या उन्हाने वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला होता.

त्या पांढऱ्या भागात सरांना ठिपके दिसायला लागले.

आधी थोडे. काळे, बारीक, एखाददुसरा धाग्यासारखा. मी म्हटलं, मला दिसत नाहीत. ते म्हणाले, नीट पाहा. मी कणांचा एकेक थर बंद करून दाखवला. सगळे थर बंद केले तरी त्यांना ठिपके दिसतच होते. मग त्यांनी मॉनिटर पुसला. मग चष्मा पुसला. मग मॉनिटर बदलायला लावला, चष्म्याची नवी काच करून आणली. ठिपके होतेच. दरम्यान त्यांनी कोपऱ्यातली ट्यूबलाइट लुकलुकते म्हणून कुरकुर लावली. आम्हाला ती लख्ख दिसत होती. तरी मालकांनी नवी ट्यूब बसवली. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, ही पण लुकलुकते.

स्टुडिओतलं वातावरण बिघडलं. सर मोठ्याने बोलणारे नव्हते, पण आता त्यांच्या बोलण्याला धार आली होती. पूर्ण झालेला शॉट ते पुन्हा उघडायला लावायचे. मी लोट पहिल्यापासून नव्याने सोडला, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी संगणक तासन् तास चित्रं काढत बसायचा, आणि प्रत्येक वेळी सर पडद्याजवळ नाक नेऊन मान हलवायचे. डोळ्यांत गुलाबपाणी घालून यायचे आणि पुन्हा तेच. एकदा मी तडकले. मी सरळ सांगितलं की ठिपके नाहीत, सर, नाहीच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुले दिसत नाही, का दाखवायचं नाही?" माझ्या कामावर त्यांनी आजवर हजार शेरे मारले होते, माझ्या प्रामाणिकपणावर कधी नाही. ते वाक्य मला फार लागलं. जेवणाचा डबा मी तसाच घरी नेला.

मग मालकांनी मला बाजूला घेतलं. आमचे मालक वाईट माणूस नव्हेत. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या जाहिराती करून त्यांनी हा स्टुडिओ उभा केला होता आणि सरांना ते मानायचे. ते हळू आवाजात म्हणाले की हैदराबादवाले आता थांबणार नाहीत, उद्या संध्याकाळपर्यंत शॉट गेलाच पाहिजे. सर नसताना तू तो पूर्ण करशील का? सर नसताना म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.  पण त्यांना वाटत होतं तेच आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं होतं, की सरांच्या डोक्यात काहीतरी सुटलंय. मला रात्रभर चीड येत राहिली, मालकांची, सरांची, त्या म्हातारीची आणि तिच्या हरवलेल्या मुलाची.

दुसरा दिवस. बाहेर ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. आत कूलर घरघरत होता आणि खिडकीला काळा कागद लावलेला. दुपार कलायला लागली होती. मालक येऊन आमच्या मागे खुर्ची टाकून बसले. ते कधी असे बसत नसत. सर पडद्यासमोर, मी त्यांच्या बाजूला, माउस माझ्या हातात. मी शॉट चालवला. भिंत कोसळली, लोट उठला, म्हातारी बाहेर आली.

"थांबव," सर म्हणाले.

मी चित्र थांबवलं. सरांनी बोट पडद्याला लावलं. म्हणाले, हा इथे एक, हा इथे, आणि हे बारीक तर मोजता येत नाहीत, कालच्यापेक्षा जास्त झालेत. मालकांनी पुढे वाकून पाहिलं. तिथे पांढरी धूळ होती, बाकी काही नव्हतं.

"हे पाहा, खाली सरकून राहिले," सर म्हणाले.

 कूलरचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मालक म्हणाले, "सर, शॉट थांबला आहे." इतक्या हळू म्हणाले, जसं घरात कोणी वारल्यावर बोलतात.

सरांनी माउसकडे पाहिलं. माझा हात त्यावर नव्हताच. मग पडद्याकडे पाहिलं. चित्र जागच्या जागी गोठलेलं होतं, म्हातारीचा एक पाय अधांतरी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ते घाबरले होते. एवढी वर्षं त्यांना ओळखत होते, पण घाबरलेले सर मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यांना घाबरलेलं पाहून माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनाही वाटलं असणार की मालकांना वाटतंय ते खरंच आहे.

तेव्हा मला त्यांचीच रीत आठवली. मी म्हटलं, "सर, लेन्सवर आहेत की जगात?"

त्यांना आधी कळलं नाही. चष्मा बदलला नं, मॉनिटर बदलला नं, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, कॅमेरा फिरवून पाहा. आणि त्यांची खुर्ची धरून मी ती पडद्यापासून वळवली, मागच्या पांढऱ्या भिंतीकडे. त्या भिंतीवर काही म्हणजे काही नव्हतं. सर भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी नजर डावीकडे नेली, थांबवली. उजवीकडे नेली, थांबवली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा तेच केलं.

"माह्यासंगं फिरून राहिले," ते म्हणाले. "लेन्सवर आहे."

मग त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला. उजवा झाकून डाव्याने पाहताना त्यांचा चेहरा पुन्हा बदलला. डाव्या डोळ्याने भिंतीचा खालचा भाग दिसतच नव्हता. तिथे काळोख होता, जसा पडदा खालून वर ओढावा तसा. सकाळी नव्हता, ते म्हणाले. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की म्हणजे ट्यूबलाइट चांगलीच होती. एवढी वर्षं हा माणूस प्रत्येक काच पुसत आला, आणि ज्या काचेतून सगळ्या काचा दिसतात तिच्याकडे पाहायचं राहून गेलं.

 मला हे माहीत होतं. काटोलला माझ्या मामांना असंच झालं होतं. आधी डोळ्यापुढे काळ्या माश्या, मग वीज चमकल्यासारखं, मग एका बाजूने काळोख. मामा म्हणाले, संत्र्याचा तोडा होऊ दे, मग दाखवू. तोडा झाला आणि दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे त्याच दिवशी यायला पाहिजे होतं. मामांचा तो डोळा गेला. अजून ते त्या बाजूने चहा दिला की कप चाचपतात.

मी उभी राहिले आणि म्हटलं, दवाखान्यात चला, आत्ता. सर म्हणाले, शॉट पाठवू आणि मग जाऊ, तासाभराचं तर काम आहे. मालक माझ्याकडे पाहायला लागले, मग घड्याळाकडे. त्या क्षणी मालक काय बोलतील यावर सगळं होतं आणि मला खरंच माहीत नव्हतं ते काय बोलतील. मी सरांना मामांचं सांगितलं. सरांनी ऐकलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळले. म्हणाले, मी पाहिल्याशिवाय शॉट बाहेर जाणार नाही. आजवर गेला नाही.

मग मी ते केलं जे त्या स्टुडिओत कोणी करायला धजलं नसतं. मॉनिटर बंद केला.

"काय पाहता सर?" मी म्हटलं.  "तुम्ही जे पाहून राहिले ते शॉटमधी नाही. आता मले पाहू द्या."

मालक उठले. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दुसऱ्या हाताने सरांचा दंड धरला. म्हणाले, "चला सर. शॉट गेला तं गेला." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला आदल्या दिवशीचं सगळं माफ केलं आहे. सर उठले. दारात थांबून, न वळता, मला म्हणाले की वरचा हलका थर अजून जरा आधीपासून सोड. मग जिन्यावरून दोघांची पावलं खाली गेली, एकाची जपून टाकलेली.

मी मॉनिटर लावला. शॉट समोर होता आणि खोलीत मी एकटी. सरांशिवाय धूळ पाहायची मला सवय नव्हती. मी हलका थर आधीपासून सोडला, चित्रं निघेपर्यंत खिडकीतल्या बरण्या पाहत बसले, आणि मनातल्या मनात देवाला एवढंच म्हणत होते की डोळ्याचा मधला भाग वाचू दे, कडेचं काय ते बघू. चित्रं निघाली. फोन वाजला. मालकांच्या फोनवरून सर बोलत होते, गाडीतून. मागे हॉर्न वाजत होते.

"वारा कुठून?" त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं. म्हटलं, "खड्ड्यातून वर, सर. मंग म्हातारीच्या पाठीमागून."

 "मंग पाठव," ते म्हणाले. मी पाठवला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

शॉट पसंत पडला. पण ते आम्हाला कितीतरी उशिरा आठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्याला चीर पडून तो सुटत चाललाय, मधला भाग अजून धरून आहे, पण फार वेळ धरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन झालं. पडदा जागच्या जागी दाबून बसावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि सांगितलं की आता पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. डोळा किती दिसेल ते बुडबुडा विरल्यावर कळेल. कदाचित बराचसा, कदाचित नाही.

पालथे पडलेले सर हे दृश्य मी कधी विसरणार नाही. पलंगाच्या कडेबाहेर तोंड, खाली फरशी, फरशीवर काकूंनी ठेवलेला पाण्याचा ग्लास आणि त्यात स्ट्रॉ. आम्ही भेटायला गेलो की आमच्या पायांशी बोलायचे. काकू बाहेर येऊन डोळे पुसायच्या आणि आत जाऊन त्यांना रागवायच्या. सर तक्रार करत नव्हते, हेच मला सहन होत नव्हतं. बुडबुड्याबद्दल मात्र ते भरभरून सांगायचे. मान हलवली की तो कसा डुचमळतो, त्याची कड कशी दिसते, मोठ्यातून एखादा बारीक कसा सुटतो आणि परत जाऊन मिळतो. "असं डुचमळणं मले जन्मात जमलं नसतं वं," असं माझ्या चपलांना उद्देशून म्हणाले. आणि एकदाच, काकू स्वयंपाकघरात असताना, त्यांनी हळूच विचारलं की नाहीच दिसलं तर धूळ एका डोळ्याने कळते का. मी म्हटलं, कळते. मला माहीत नव्हतं. धूळ जवळ की लांब हे एका डोळ्याने कसं कळेल, हा प्रश्न मी घरी जाईपर्यंत स्वतःला विचारत राहिले.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे आणि माझ्या हाताखाली पाचसहा जणं आहेत. गादी कोणाला झोडपायला लावत नाही, पण खिडकीत बरण्या ठेवल्या आहेत. नवीन आलेली मुलं त्यांना मसाल्याच्या समजतात.

पण तेव्हा, बुडबुडा विरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी सरांकडे गेले. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. सर पलंगावर ताठ बसले होते, कितीतरी आठवड्यांनी मी त्यांचा चेहरा समोरून पाहत होते. काकू दारात उभ्या होत्या, हातात पदराचं टोक. सरांनी त्या डोळ्याने अजून काही पाहून सांगितलं नव्हतं. माझी वाट पाहत होते की त्यांचीच छाती होत नव्हती, कोण जाणे.

सरांनी चष्मा पुसला. नीट, दोन्ही बाजूंनी. डोळ्यांवर ठेवला. उजवा डोळा तळहाताने घट्ट झाकला आणि ऑपरेशनच्या डोळ्याने खिडकीकडे पाहत राहिले. 

"ठिपके आहेत," शेवटी म्हणाले.

काकूंनी भिंतीचा आधार घेतला.  मी विचारलं, किती? ते म्हणाले, लई आहेत. बारीक.  सरांनी मान डावीकडे वळवली. थांबले. मग उजवीकडे. थांबले. तळहात तसाच, डोळ्यावर दाबलेला.

मग म्हणाले, "पडदा झटक वं जरासा."

मी खिडकीचा पडदा धरून झटकला. उन्हाच्या त्या पट्ट्यात धूळ भसकन उठली, वर गेली, आणि सावकाश दाराच्या बाजूला वाहायला लागली. मी वळून सरांकडे पाहिलं. त्यांचा तो डोळा धुळीच्या मागे जात होता, वर, मग आडवा, मग हळूहळू खाली. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"जगात आहेत," सर म्हणाले.

काकू पुढे झाल्या, खिडकीशी गेल्या, आणि रडतरडतच म्हणाल्या, "कालच तं झाडलं होतं मी घर."